वाचक विचारतात : शेवटी एक असलेला आकडा

नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमविषयी मागील अंकात लिहिताना ‘जगातील सर्वांत मोठ्या स्टेडियमपैकी कित्येक स्टेडियम महाविद्यालयीन संघांची आहेत’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर चार पत्रे आली. चारही पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची आहेत. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. माझी भाची अमेरिकेत ॲन आर्बर येथे शिकते. तिने तेथील विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमचे छायाचित्र पाठवले आणि खाली ‘आसनक्षमता १,०७,६०१’ असे लिहिले. मी स्वतः नेरुळला राहतो. आमच्या स्टेडियमची क्षमता पंचावन्न हजारांच्या आसपास सांगतात, तरी सामन्याच्या दिवशी स्टेशनपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. विद्यार्थ्यांच्या खेळासाठी एवढे मोठे बांधकाम का केले असावे? ते एकदाच बांधले की हळूहळू वाढवले? एवढे मोठे स्टेडियम रिकामे राहते का? आणि क्षमतेच्या आकड्यातला तो शेवटचा ‘एक’ कोणाचा?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडे थांबून देऊ, कारण त्या ‘एक’पर्यंत पोहोचायला त्या स्टेडियमला २९ वर्षे लागली.

मिशिगन विद्यापीठाचे हे स्टेडियम १९२७ मध्ये उघडले. त्यामागचा माणूस म्हणजे फील्डिंग योस्ट. ते १९०१ मध्ये प्रशिक्षक म्हणून तेथे आले आणि पुढे क्रीडा विभागाचे संचालक झाले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलला (म्हणजे चेंडू हातात धरून पळण्याच्या अमेरिकन फुटबॉलला) असे काही भरते आले की ओहायो, इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा एकामागून एक विद्यापीठांनी १९२२-२३ च्या सुमारास प्रचंड स्टेडियम उभारली. व्यावसायिक फुटबॉल तेव्हा रांगत होता. आजची व्यावसायिक लीग १९२० मध्येच जन्मलेली होती. त्यामुळे आपला संघ म्हणून मिरवायला लोकांपुढे राज्याच्या विद्यापीठाचाच संघ होता. मोटारगाड्या स्वस्त झालेल्या होत्या आणि डेट्रॉइट शहर ॲन आर्बरपासून साधारण ठाणे ते कर्जत एवढ्या अंतरावर होते. ‘फेरी फील्ड’ या विद्यापीठाच्या जुन्या मैदानावर तिकिटे मागणारे परत जाऊ लागले, तेव्हा योस्ट यांनी नव्या स्टेडियमचा ध्यास घेतला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. विद्यापीठाने हा विषय एकट्या क्रीडा विभागावर सोडला नाही. अध्यापकांच्या समितीने तो तपासला आणि १९२६ च्या अहवालात स्टेडियमला संमती देताना दोन गोष्टी बजावल्या. बांधकाम अत्यंत साधे असावे, ही पहिली. केवळ संघातल्या मूठभर खेळाडूंचा विचार न करता सर्व विद्यार्थ्यांना खेळण्याच्या सोयी मिळाव्यात, ही दुसरी. योस्ट यांना लाखाहून अधिक जागा हव्या होत्या, परवानगी मिळाली ७२,००० जागांची. त्यांनी वाद वाढवला नाही, मात्र पुढे केव्हातरी लाखाचा भार पेलता येईल अशा बेताने पाया घालून घेतला. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत हुशार चाल मला हीच वाटते, कारण मंजुरी आज दिसणाऱ्या आकड्याला मिळते आणि पाया किती भक्कम घातला आहे हे सहसा कोणी विचारत नाही.

पैसा राज्याच्या तिजोरीतून आला नाही. पाचशे डॉलरचा एक असे तीन हजार कर्जरोखे विकण्यात आले आणि रोखे घेणाऱ्यांना मोक्याच्या जागांची तिकिटे घेण्याचा हक्क देण्यात आला. स्टेडियमला साडेनऊ लाख डॉलर खर्च आला.

बांधकामाची कल्पना येल विद्यापीठाच्या १९१४ च्या स्टेडियमवरून घेतली होती. आपल्याकडच्या बारवेची आठवण व्हावी अशी ती रचना आहे. जमीन खोल खणायची, उतारावर पायऱ्या बसवायच्या आणि तळाशी मैदान ठेवायचे. प्रेक्षक जमिनीच्या पातळीवरून आत शिरतो आणि आपल्या जागेकडे खाली उतरत जातो. स्टेडियमचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग जमिनीखाली असल्यामुळे कित्येक वर्षे रस्त्यावरून जाणाऱ्याला ते बैठेच दिसत असे. त्या जागेत भूजल वर होते आणि झरेही होते, त्यामुळे खोदकामात पाण्याने बराच छळ मांडला. खणताना एक क्रेन चिखलात रुतली आणि ती आजही मैदानाच्या पोटात आहे, अशी दंतकथा तेथे सांगतात. प्रत्येक मोठ्या बांधकामाला अशी एखादी कथा चिकटतेच, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही.

पहिला सामना १ ऑक्टोबर १९२७ रोजी झाला. त्याच महिन्याच्या २२ तारखेला ओहायो स्टेट संघाविरुद्धच्या सामन्याने स्टेडियमचे रीतसर उद्घाटन झाले, तेव्हा वरच्या कडेने लाकडी बाके मांडून ८४,४०१ प्रेक्षक बसवले गेले होते. म्हणजे ७२,००० ची मर्यादा पहिल्या महिन्यातच ओलांडली गेली. १९४९ मध्ये लाकडी बाकांच्या जागी पोलादी बाके आली आणि क्षमता ९७,२३९ झाली. योस्ट १९४६ मध्ये वारले, त्यामुळे लाखाचा आकडा त्यांनी पाहिला नाही. तो १९५६ मध्ये ओलांडला गेला आणि नवी क्षमता १,०१,००१ अशी जाहीर झाली.

आता तो ‘एक’. त्या वेळचे क्रीडा संचालक आणि माजी प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांच्या सन्मानार्थ एक जादा जागा धरलेली आहे, असे सांगतात. ती स्टेडियममध्ये नेमकी कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते आणि गंमतही त्यातच आहे. तेव्हापासून क्षमता वाढो वा घटो, आकडा ‘एक’नेच संपतो : १९७३ मध्ये १,०१,७०१, १९९२ मध्ये १,०२,५०१, १९९८ मध्ये १,०७,५०१. आपण शुभकार्याच्या पाकिटात एकशे एक रुपये घालतो. त्यातला वरचा रुपया कशासाठी हे ज्याला समजते, त्याला हा एकही समजावा.

मात्र १९९८ नंतरचा इतिहास मला अधिक बोलका वाटतो. १९९८ च्या विस्तारात स्टेडियमच्या वरच्या कडेला विजयगीतातील शब्द आणि रंगीत चित्रे असलेला एक भडक पट्टा बसवला गेला होता. माजी विद्यार्थ्यांनी इतकी टीका केली की दोन वर्षांत तो काढावा लागला. १९२६ च्या समितीने साधेपणाचा आग्रह धरला होता, त्याची आठवण पाऊणशे वर्षांनीही शिल्लक होती असे म्हणता येईल. त्यानंतर २००७ ते २०१० या काळात २२ कोटी ६० लाख डॉलर खर्चून दोन्ही लांब बाजूंना उंच इमारती चढवल्या गेल्या आणि त्यांत धनिकांसाठी काचेची दालने आली. बैठ्या स्टेडियमचे ते रूप तेथेच संपले. त्याच सुमारास अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने विद्यापीठावर दावा लावला. लाखाहून अधिक जागांच्या स्टेडियममध्ये चाकाच्या खुर्चीसाठी जागा अगदीच तुटपुंज्या होत्या. आम्ही केवळ दुरुस्ती करीत आहोत, त्यामुळे नव्या बांधकामाचे नियम आम्हाला लागू होत नाहीत, अशी विद्यापीठाची भूमिका होती. २००८ मध्ये तडजोड झाली आणि अशा शेकडो जागा करण्याचे विद्यापीठाने मान्य केले. नूतनीकरणात जाण्यायेण्याच्या वाटा रुंद झाल्या, पायऱ्यांना कठडे आले. क्षमता २००८ मध्ये १,०६,२०१ वर आली, २०१० मध्ये १,०९,९०१ झाली आणि २०१५ पासून आपल्या भाचीने कळवलेल्या १,०७,६०१ वर आहे. म्हणजे सर्वांत अलीकडच्या टप्प्यात स्टेडियम मोठे झाले आणि जागांचा आकडा थोडा उतरलाही. ‘विस्तार’ या शब्दाचा अर्थ १९४९ मध्ये निव्वळ माणसे मोजण्याचा होता, तो २०१० पर्यंत प्रत्येक माणसाला किती आणि कशी जागा मिळते येथवर येऊन पोहोचला.

स्टेडियम रिकामे राहते का, असेही आपण विचारले आहे. नोव्हेंबर १९७५ पासून तेथील प्रत्येक घरच्या फुटबॉल सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक आले आहेत. अपवाद २०२० च्या करोनाकाळातील हंगामाचा, कारण तेव्हा प्रवेशच बंद होता. सर्वाधिक १,१५,१०९ प्रेक्षक ७ सप्टेंबर २०१३ रोजी होते. २०२० च्या जनगणनेनुसार ॲन आर्बरची लोकसंख्या १ लाख २४ हजारांच्या घरात आहे. तेव्हा सामन्याच्या दिवशी गावाएवढे दुसरे गाव त्या खड्ड्यात बसलेले असते. असे शनिवार मात्र वर्षाला सात-आठच येतात. एरवी पदवीदान समारंभ वगैरे होतात. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘महान समाजा’ची आपली कल्पना मांडली ती मे १९६४ मध्ये याच स्टेडियममधील पदवीदानाच्या भाषणात.

नेरुळशी तुलना करताना एक भेद लक्षात ठेवावा. ॲन आर्बरला मैदानात उतरणारे खेळाडू त्या विद्यापीठाचेच विद्यार्थी असतात. नेरुळचे स्टेडियम शैक्षणिक संकुलात उभे असले, तरी तेथील गर्दी आयपीएल, फिफाच्या स्पर्धा किंवा मोठे संगीत कार्यक्रम यांची असते. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला तिकीट लावले तर ते कोण घेईल, हा प्रश्न वास्तुशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

प्रश्न : स्टेडियम वाढवणे म्हणजे वर मजले चढवणे, एवढाच मार्ग असतो का? डी. वाय. पाटील स्टेडियम भविष्यात लाखाचे करता येईल का?
— एक स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : तीन मार्ग आहेत आणि अमेरिकेतील विद्यापीठांनी तिन्ही वापरले आहेत.

वर चढण्याचा मार्ग आपण सांगितलाच आहे. दुसरा मार्ग खाली जाण्याचा. ओहायो स्टेट विद्यापीठाचे स्टेडियम १९२२ चे असून ते घोड्याच्या नालेच्या आकाराचे आहे. तेथे मैदानाभोवती धावपट्टी होती. २००१ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात ती काढून टाकली आणि मैदान १४ फुटांहून अधिक खाली नेले, त्यामुळे मोकळ्या झालेल्या उतारावर नव्या रांगा बसल्या. अडचण अशी की शेजारून ओलेंटँजी नदी वाहते आणि नवे मैदान भूजलाच्या पातळीखाली गेले. तेव्हा स्टेडियमच्या भोवती जमिनीत खोल चर खणून त्यात पाणी अडवणारी भिंत भरावी लागली. आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी असल्यामुळे ‘स्लरी वॉल’ हा शब्द आपल्या परिचयाचा असेल.

तिसरा मार्ग ऐकताना खोटा वाटतो. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पेन स्टेट विद्यापीठाचे जुने स्टेडियम पोलादी होते. १९५९ चा हंगाम संपल्यावर त्याचे सुमारे ७०० तुकडे करून ते संकुलाच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि नवे भाग जोडून १९६० मध्ये पुन्हा उभे केले; क्षमता ४६,२८४ झाली. पुढे १९७८ मध्ये त्याच स्टेडियमचे भाग सुटे करून हायड्रॉलिक जॅकने उचलले आणि खाली, पूर्वीच्या धावपट्टीच्या जागी, नव्या रांगा बांधल्या. सुमारे १६,००० जागा वाढल्या. जुना प्रेक्षक आपल्याच बाकावर बसला, फक्त काही फूट वरून पाहू लागला. हे जमले, कारण ते स्टेडियम पोलादी आणि जोडणीचे होते. काँक्रीटच्या अखंड स्टेडियमला असे उचलता येत नाही.

आता नेरुळकडे वळू. २००८ मध्ये उघडलेल्या त्या स्टेडियमची ओळख म्हणजे त्याचे छत. वास्तुविशारद हफीज काँट्रॅक्टर यांच्या आराखड्यात ते मागच्या आधारावरून पुढे झेपावते, त्यामुळे कोणाही प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे खांब येत नाही. प्रेक्षकाला ते सुखाचे असले तरी विस्ताराच्या वाटेत नेमके तेच आडवे येते. वर मजला चढवायचा तर छत उतरवावे लागेल आणि मागच्या आधारांवरचा सारा हिशेब नव्याने मांडावा लागेल. खाली जावे म्हटले तर खाडी दूर नाही आणि आपला पाऊस ओहायोच्या पावसाहून कितीतरी अधिक आहे. शिवाय तेथे क्रिकेटचे वर्तुळ सांभाळावे लागते, त्यामुळे आतल्या बाजूला रांगा वाढवण्यास वाव नाही. म्हणून माझे उत्तर ‘तंत्राने शक्य, व्यवहाराने नव्हे’ असे आहे. आणि गरज तरी काय आहे? २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तो याच मैदानावर, आहे त्या क्षमतेत. लोकांना आणखी जागा हव्या असतील त्या प्रथम लोकलमध्ये.

प्रश्न : चेंडू हातात धरून पळण्याच्या अमेरिकन खेळाला फुटबॉल का म्हणतात, आणि अमेरिकेतल्या त्या महाविद्यालयीन स्टेडियममध्ये खरा फुटबॉल खेळता येतो का?
— एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : रग्बी, अमेरिकन फुटबॉल आणि आपण खेळतो तो फुटबॉल या तिन्ही खेळांचे मूळ इंग्लंडमधल्या जुन्या चेंडूच्या खेळांत आहे आणि नाव सगळ्यांनी आपापल्याकडे ठेवून घेतले. अमेरिकन मैदान दोन्ही टोकांचे पट्टे धरून सुमारे ११० मीटर लांब आणि जेमतेम ४९ मीटर रुंद असते. फिफाच्या मोठ्या स्पर्धांचे मैदान १०५ बाय ६८ मीटर असते. अरुंद मैदानामुळे प्रेक्षक खेळाच्या अधिक जवळ बसतो. त्या अरुंदपणाचाही एक किस्सा आहे. १९०६ च्या सुमारास खेळातील जीवघेण्या दुखापती कमी करण्यासाठी मैदान रुंद करण्याची सूचना पुढे आली होती, परंतु हार्वर्ड विद्यापीठाने १९०३ मध्येच पक्के काँक्रीटचे स्टेडियम बांधून ठेवले होते आणि त्यात रुंदी वाढवायला जागाच नव्हती. अखेर पुढच्या दिशेने चेंडू फेकण्याची मुभा देऊन खेळ मोकळा करण्यात आला. काँक्रीटने खेळाचा नियम बदलल्याचे दुसरे इतके ठळक उदाहरण मला आठवत नाही.

आपण ज्याला खरा फुटबॉल म्हणता, तो २ ऑगस्ट २०१४ रोजी मिशिगनच्या स्टेडियममध्ये झाला. मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांच्या त्या सामन्याला १,०९,३१८ प्रेक्षक होते. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर २०२२ मधील १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरुळला झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले.

प्रश्न : मी ठाण्यातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्या मैदानाच्या एका बाजूला सुमारे दोन हजार प्रेक्षकांची गॅलरी बांधण्याचा संस्थेचा विचार आहे आणि पुढे निधी मिळाल्यास ती वाढवावयाची आहे. सर्वसाधारण दिशा मिळावी.
— एक प्राध्यापक, ठाणे

उत्तर : सर, अंतिम आराखडा परवानाधारक संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावा लागेल, राष्ट्रीय इमारत संहिता आणि महानगरपालिकेची व अग्निशमन दलाची परवानगी यांना पर्याय नाही. दिशा मात्र सांगता येईल.

प्रथम लांबीचा हिशेब पाहू. पाठ नसलेल्या बाकावर एका माणसाला साधारण ४५ सेंटिमीटर धरतात. एका रांगेत दोनशे माणसे बसवली तर ९० मीटर होतात, मधल्या वाटा धरून शंभर. फुटबॉलच्या मैदानाची लांबी जवळपास तेवढीच असते. तेव्हा दोन हजारांसाठी दहा रांगा पुरतात आणि कोणीही मैदानापासून फार दूर जात नाही.

गॅलरी पश्चिमेच्या बाजूला घ्यावी. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण असावी, सामने संध्याकाळी होतात आणि पश्चिमेला पाठ असली म्हणजे उतरते ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत जात नाही. आपला पाऊसही नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे मागे भिंत आणि वर छप्पर असल्यास दोन्ही कामे एकाच बांधकामात होतात.

पायऱ्यांची उंची सगळीकडे सारखी ठेवण्याचा कंत्राटदारांना मोह होतो. मागच्या माणसाची मैदानाच्या जवळच्या रेषेकडे जाणारी नजर पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किमान ९ सेंटिमीटर वरून, शक्य असल्यास १२ सेंटिमीटर वरून गेली पाहिजे. हे साधण्यासाठी मागच्या पायऱ्या पुढच्यांपेक्षा थोड्या थोड्या उंच होत जातात. पहिली रांग मैदानाला जितकी चिकटलेली, तितकी ही चढण तीव्र होते. पहिली रांग जमिनीपासून मीटरभर उचलून घ्यावी, म्हणजे कडेने फिरणारे राखीव खेळाडू आणि पाण्याच्या बाटल्या नेणारी मुले मध्ये येणार नाहीत.

बाहेर पडण्याच्या वाटांवर मात्र काटकसर नको. ब्रिटनमधील क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार पायऱ्यांवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसे जातात असे धरतात आणि सर्व प्रेक्षक आठ मिनिटांत बाहेर पडावेत अशी अपेक्षा असते. दोन हजारांना आठाने भागले तर मिनिटाला अडीचशे होतात. म्हणजे एकूण सुमारे चार मीटर रुंदी लागते. ती एकाच जिन्यात न देता किमान दोन, शक्य तर तीन ठिकाणी विभागावी, कारण एक वाट बंद झाली तरी उरलेल्या पुरल्या पाहिजेत. चाकाच्या खुर्चीसाठी पहिल्या रांगेच्या पातळीवर उतरणीसह सपाट जागा आताच ठेवा. मिशिगनला ऐंशी वर्षांनी न्यायालयाच्या दारात जे करावे लागले, ते आपल्याकडे आज काही हजार रुपयांच्या काँक्रीटमध्ये होईल.

राहिला पुढच्या वाढीचा प्रश्न. आपल्याकडे ‘पुढे मजला चढवू’ म्हणून कॉलमच्या डोक्यावर सळया उघड्या सोडतात आणि ठाण्याच्या दमट हवेत त्या पाच-सात पावसाळ्यांत गंजून निकामी होतात. त्याऐवजी योस्ट यांचा मार्ग धरावा. पायाची फुटिंगे भविष्यातील भाराच्या हिशेबाने आताच मोठी घ्यावीत, कॉलम मात्र पूर्ण बंद करून वर छप्पर टाकावे आणि गॅलरीच्या मागे आठ-दहा मीटरची पट्टी संस्थेच्या आराखड्यात मोकळी दाखवून ठेवावी. त्या पट्टीवर कँटीन, जनरेटरची खोली किंवा दुचाकींचे पक्के वाहनतळ येऊ देऊ नका. एकदा तेथे पत्रा चढला की तो हलवणे गॅलरी वाढवण्यापेक्षा अवघड जाते.